तेरचं त्रिविक्रम मंदिर: एका इमारतीला किती तारखा असतात?



पेटचा निकाल लागला की पुढचा प्रश्न ठरलेला असतो: विषय कोणता घ्यायचा? आपल्या बीडकडच्या बऱ्याच मुलामुलींना गावाजवळचं एखादं जुनं देऊळ विषय म्हणून घ्यावंसं वाटतं. कुणाला कंकालेश्वर, कुणाला धर्मापुरीचा केदारेश्वर, कुणाला अंबाजोगाईची देवळं. विषय चांगलाच आहे. पण सिनॉप्सिसच्या पहिल्या पानावर हमखास एक वाक्य येतं: 'सदर मंदिर हेमाडपंती असून ते अमुक शतकातील आहे.' आणि गाडी तिथेच अडते.

का अडते? कारण या एका वाक्यात दोन गृहीतं लपलेली आहेत. पहिलं, इमारतीला एकच तारीख असते. दुसरं, इमारतीचा आकार पाहून ती कुणाची, कशासाठी बांधली हे कळतं. 'हेमाडपंती' हाच शब्द घ्या. हेमाद्री हा तेराव्या शतकातला यादवांचा मंत्री. पण आपण ज्या देवळांना बिनधास्त हेमाडपंती म्हणतो, त्यातली कितीतरी त्याच्या जन्माच्या आधीची आहेत. म्हणजे लेबल आधी चिकटलं आणि पुरावा नंतर शोधला गेला.

ही दोन्ही गृहीतं तपासायला मी आज एक छोटी वास्तू घेणार आहे: शेजारच्या धाराशिव जिल्ह्यातल्या तेर गावचं त्रिविक्रम मंदिर. आकाराने लहान, साहित्य साधं, पण प्रश्न मात्र मोठमोठे विचारणारं. माझी पदव्युत्तर पदवी विज्ञानाची आहे, त्यामुळे मध्ये थोडी घनतेची गणितं येतील. घाबरू नका, आठवीचीच आहेत.

आधी पद्धत

इंग्लंडमध्ये खेडोपाडी शेकडो वर्षं जुनी चर्चेस आणि चॅपल्स आहेत. निकोलाउस पेव्हझ्नर नावाच्या अभ्यासकाने १९५१ ते १९७४ या काळात 'द बिल्डिंग्ज ऑफ इंग्लंड' ही ४६ खंडांची मालिका काढली. तिच्यात एखादं चर्च कसं मांडतात ते पाहण्यासारखं आहे. 'हे चर्च बाराव्या शतकातलं' एवढं म्हणून ते थांबत नाहीत. भिंत कधीची, मनोरा कधीचा, खिडकी कधीची, छप्पर कधीचं, हे वेगवेगळं सांगतात. आणि मग आतल्या सामानाची वेगळी यादी: बाप्तिस्म्याचं दगडी पात्र, प्रवचनाचा कठडा, बाकं, रंगीत काचा, स्मृतिशिळा. प्रत्येक वस्तूला तिची स्वतःची तारीख. भिंत बाराव्या शतकातली, खिडकी पंधराव्या आणि बाकं एकोणिसाव्या शतकातली असं सर्रास निघतं, आणि त्यात कुणाला काही विचित्र वाटत नाही.

आपल्या देवळांनाही हेच लागू आहे. तळाचा आराखडा, बांधकामाचं साहित्य, नंतर जोडलेले भाग आणि आतलं सामान, हे चार कप्पे वेगळे करायचे. प्रत्येकाला स्वतंत्र प्रश्न विचारायचा. आता तेरला जाऊ.

तेर म्हणजे तगर

तेरणा नदीकाठचं हे गाव आज आपल्याला संत गोरोबाकाकांमुळे माहीत असतं. पण इसवी सनाच्या पहिल्या शतकातल्या 'पेरिप्लस' या ग्रीक प्रवासग्रंथात 'तगर' नावाचं मोठं व्यापारी शहर येतं. पैठणपासून पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवर, आणि तिथून कापड भडोच बंदराकडे जातं, असा त्यात उल्लेख आहे. हे तगर नेमकं कुठलं यावर एकोणिसाव्या शतकात बराच वाद झाला. १९०१ मध्ये जे. एफ. फ्लीट यांनी तगर म्हणजे तेर हे मांडलं. त्यानंतर हेन्री कझिन्स या पुरातत्त्व खात्याच्या अधिकाऱ्याने गावातल्या वास्तूंची पाहणी करून १९०२-०३ च्या वार्षिक अहवालात त्यांच्यावर लिहिलं. १९५८ मध्ये बा. ना. चापेकरांनी इथे उत्खनन केलं. गावातल्या रामलिंगप्पा लामतुरे यांनी आयुष्यभर जमवलेल्या वस्तूंचं आज तिथे शासकीय संग्रहालय आहे. मणी, नाणी, मातीच्या मूर्ती, आणि रोमन जगाशी असलेला संबंध दाखवणारी प्रसिद्ध हस्तिदंती स्त्रीमूर्ती. तेरला गेलात तर आधी संग्रहालय पाहा, मग देऊळ.

कप्पा पहिला: आराखडा

त्रिविक्रम मंदिराचं मागचं दालन लांबट आहे आणि त्याचं मागचं टोक चौकोनी नसून अर्धगोल आहे. वरून पाहिलं तर इंग्रजी 'यू' अक्षरासारखं. हत्तीच्या पाठीसारखा आकार म्हणून आपल्याकडे याला गजपृष्ठाकार म्हणतात. छप्परही तसंच, आडव्या ठेवलेल्या अर्ध्या पिंपासारखं. दालनाच्या समोर सपाट छताचा मंडप आहे. मंडपाच्या छपरावरून मागे दिसणारा दर्शनी भाग घोड्याच्या नालेच्या आकाराच्या कमानीचा आहे.

हा आकार तुम्ही कुठे पाहिलाय? बरोबर: भाजे, कार्ले, अजिंठ्याची नऊ-दहा-एकोणीस-सव्वीस क्रमांकाची लेणी, वेरूळचं विश्वकर्मा लेणं. बौद्ध चैत्यगृह. गंमत म्हणजे, एकोणिसाव्या शतकात जेम्स फर्ग्युसनने कार्ल्याचा आराखडा पाहिला तेव्हा त्याला चर्चची आठवण झाली. मध्ये रुंद दालन, दोन्ही बाजूंना खांबांपलीकडे अरुंद वाटा, आणि टोकाला अर्धगोल. त्याने तर इंग्लंडमधल्या नॉर्विच कॅथेड्रलच्या एका भागाशी मापांची तुलनाही केली. दोघांचा एकमेकांशी संबंध नाही. पण लोकांना एका टोकाकडे तोंड करून जमवायचं आणि तिथल्या पूज्य वस्तूभोवती जागा ठेवायची असेल, तर हा आकार सोयीचा पडतो. गरज सारखी, म्हणून आकार सारखा. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे कामाला येणार आहे.

आता मुद्दा. कार्ल्याच्या लेण्यात छताला लाकडाच्या कमानदार फासळ्या आहेत. कातळात कोरलेल्या छताला लाकडी फासळ्यांचा आधार कशाला? छत पडणार थोडंच आहे! त्या फासळ्या सांगतात की लेणं ही नक्कल आहे. मूळ इमारती लाकूड-विटांच्या होत्या आणि कारागिरांनी त्यांचं रूप कातळात उतरवलं. मूळ इमारती गेल्या. लाकूड कुजलं, विटा लोकांनी उचलून नेल्या. नक्कल मात्र टिकली, कारण डोंगर कुणी उचलून नेत नाही.

संशोधनात याला शिल्लक राहिलेल्यांचा पूर्वग्रह म्हणता येईल. जे टिकलं तेच पूर्वी होतं असं आपल्याला वाटायला लागतं. 'प्राचीन महाराष्ट्र म्हणजे लेणी' हे चित्र याच पूर्वग्रहातून तयार झालंय. तेरचं महत्त्व इथे आहे. कातळातली नक्कल नाही, तर विटांनी खरोखर बांधलेली त्या घाटाची इमारत इथे उभी आहे. देशातच अशा फार थोड्या वास्तू उरल्यात. आंध्र प्रदेशातलं चेझर्ल्याचं कपोतेश्वर मंदिर हे तिचं सख्खं भावंड म्हणता येईल.

मग हे बौद्ध चैत्य होतं का?

हा प्रश्न आला की वातावरण तापतं. म्हणूनच संशोधकाने इथे थंड डोक्याने बसायला हवं.

कझिन्सचं म्हणणं असं की हे मुळात बौद्ध चैत्यगृह होतं, पुढे त्यात विष्णूची त्रिविक्रम रूपातली मूर्ती आली आणि पुढचा मंडप नंतर जोडला गेला. पुष्कळ अभ्यासकांनी हे मान्य केलं. त्यासाठी आधार दोन: आकार चैत्यासारखा आहे, आणि तेरला बौद्ध वस्ती होती. दुसरा आधार मजबूत आहे. इथल्या उत्खननांत स्तूपाचे अवशेष निघाले आहेत.

पण पहिला आधार एकटा पुरेसा नाही. ऐहोळेचं दुर्ग मंदिर गजपृष्ठाकार आहे आणि ते बदामी चालुक्यांच्या काळातलं हिंदू मंदिर आहे. (नावावरही जाऊ नका. ते दुर्गादेवीचं म्हणून दुर्ग नाही, तिथल्या गढीवरून ते नाव पडलं.) आंध्रातल्या गुडीमल्लमच्या शिवमंदिराचं गर्भगृहही गजपृष्ठाकार आहे. म्हणजे हा आकार बौद्धांनी भरपूर वापरला, पण तो फक्त त्यांचाच नव्हता. चर्चचं टोकही अर्धगोल असतं म्हणून कार्ल्याला कुणी चर्च म्हणत नाही. तसंच हे.

मग काय म्हणायचं? सिनॉप्सिसमध्ये असं लिहा: 'आकार आणि स्थळाचा इतिहास पाहता बौद्ध मूळ असण्याची शक्यता बळकट आहे, निर्णायक पुराव्यासाठी अमुक तपासणी हवी.' आणि ती अमुक तपासणी कोणती ते ठोस सांगा. चैत्यगृहात अर्धगोलाच्या केंद्राजवळ स्तूप असतो आणि त्याच्याभोवती प्रदक्षिणेची वाट असते. म्हणजे आजच्या फरशीखाली गोल पाया आहे का, हा तपासता येणारा प्रश्न झाला. जमिनीत रडारच्या लहरी सोडून, एकही फरशी न उचलता तो तपासायचा प्रयत्न करता येतो. 'हे आमचं की तुमचं' हा प्रश्न तपासता येत नाही. 'इथे गोल पाया आहे की नाही' हा येतो. गाइड तुम्हाला दुसरा प्रश्न विचारायला शिकवतात, तो यासाठी.

कप्पा दुसरा: साहित्य

तेरच्या जुन्या विटा पाण्यावर तरंगतात, हे तुम्ही ऐकलं असेल. आपल्याच जिल्ह्यात माजलगाव तालुक्यातल्या पुरुषोत्तमपुरीच्या विटांबद्दलही हेच सांगतात. तेलंगणातल्या रामप्पा मंदिराचं (१२१३ चं, २०२१ पासून जागतिक वारसा यादीत) शिखरही अशाच हलक्या विटांचं आहे. लोक याला चमत्कार म्हणतात. आपण गणित करू.

साधी भाजलेली वीट एका घनसेंटीमीटरला सुमारे १.६ ते १.९ ग्रॅम भरते. पाणी १ ग्रॅम. म्हणून वीट बुडते. तरंगायचं तर घनता १ च्या खाली आणायला हवी. कशी? मातीत भाताचं तूस कालवायचं. भट्टीत वीट भाजताना तूस जळून जातं आणि त्याच्या जागी पोकळ्या राहतात.

समजा, विटेची घनता ०.९ झाली. भाजलेल्या मातीच्या कणांची स्वतःची घनता साधारण २.६ असते. ०.९ भागिले २.६ म्हणजे सुमारे ०.३५. याचा अर्थ विटेत ३५ टक्के माती आणि ६५ टक्के पोकळी. आता खरा प्रश्न: या पोकळ्या एकमेकींना जोडलेल्या आहेत की बंद? सगळ्या जोडलेल्या असतील तर पाणी हळूहळू आत शिरेल. तेव्हा विटेची घनता होईल ०.९ अधिक ०.६५, म्हणजे १.५५. आणि आधी तरंगणारी वीट बुडेल!

म्हणून 'वीट तरंगते' हे निरीक्षण अर्धवट आहे. किती वेळ तरंगते? पाच मिनिटं की पाच दिवस? कोरडं वजन, चोवीस तास भिजवल्यावरचं वजन आणि पाण्यात टांगून घेतलेलं वजन, या तीन आकड्यांवरून उघड्या पोकळ्यांचं प्रमाण निघतं. साधा तराजू आणि बादली पुरते. फोटो काढून 'अद्भुत प्राचीन विज्ञान' म्हणून फिरवण्यापेक्षा हे तीन आकडे लाख मोलाचे.

हलकी वीट का हवी, याचंही उत्तर बांधकामात आहे. पिंपाच्या आकाराचं छप्पर आपल्या वजनाने भिंतींना बाहेर ढकलतं. छप्पर जितकं जड, तितकी भिंत जाड लागते. वीट अर्ध्या वजनाची झाली की ढकलही निम्म्यावर येतो. पण फुकट काहीच मिळत नाही: पोकळी वाढली की विटेची ताकद कमी होते आणि पावसाचं पाणी जास्त मुरतं. म्हणून गिलावा महत्त्वाचा. तो टिकला तर वीट टिकते.

इथे गोरोबाकाकांची आठवण होणं साहजिक आहे. संतांच्या डोक्यावर थापटणं मारून कोणतं मडकं पक्कं आणि कोणतं कच्चं हे त्यांनी पारखलं, आणि नामदेव कच्चे ठरले, ही कथा सगळ्यांना माहीत आहे. कथेचा अर्थ वेगळाच आहे, पण तिच्यातली पारख मात्र खरी. आजही गवंडी दोन विटा एकमेकींवर आपटून आवाज ऐकतो. खणखणीत वाजली तर पक्की, बद्द वाजली तर कच्ची किंवा आतून तडकलेली. आतल्या दोषाची वाजवून तपासणी करणं प्रयोगशाळेतही चालतं, फक्त तिथे कानाऐवजी यंत्र असतं.

विटेतून तारीखही मिळू शकते. प्रकाशदीप्ती पद्धतीने वीट शेवटची कधी भाजली गेली याचा अंदाज येतो. आत अर्धवट जळालेलं तूस उरलं असेल तर कार्बन-१४ लावता येतो. तूस एका हंगामाचं असतं, त्यामुळे जुन्या लाकडापेक्षा ते भरवशाचं. पण सावध! ही विटेची तारीख झाली, भिंतीची नाही. पडक्या इमारतीच्या विटा उचलून नव्या भिंतीत लावणं ही आपल्याकडची जुनी सवय आहे. त्यामुळे एकाच विटेवर विसंबू नका. वेगवेगळ्या उंचीवरच्या अनेक विटा एकच काळ सांगत असतील, तर बोला.

आणि हो, देवळाची वीट परस्पर खरवडायला जाऊ नका. नमुना घ्यायला पुरातत्त्व खात्याची लेखी परवानगी लागते. महाराष्ट्राचा १९६० चा कायदा त्यासाठीच आहे. गावकऱ्यांचा होकार कायद्यात नसला तरी आधी तोही घ्या.

कप्पा तिसरा आणि चौथा: जोडलेले भाग आणि आतलं सामान

बहुतेक अभ्यासक मागचं दालन चौथ्या ते सहाव्या शतकाच्या दरम्यान कुठेतरी ठेवतात. मंडप नंतरचा. मूर्ती वेगळीच गोष्ट. बळीच्या कथेतला, एक पाय वर उचललेला त्रिविक्रम दगडाचा आहे, इमारत विटांची. मूर्तीचं वय तिच्या शैलीवरून ठरवायचं, भिंतीवरून नाही. मूर्ती हलवता येते, भिंत नाही.

लाकडाचंही तसंच. तेरच्याच उत्तरेश्वर मंदिराची कोरीव लाकडी चौकट अभ्यासकांमध्ये प्रसिद्ध आहे. चौकटीचं लाकूड तपासलं तर तारीख मिळेल ती झाड वाढत होतं तेव्हाची. कोरणारा हात कधीचा, ते नक्षीवरून. चौकट इथे कधी बसली, ते तिच्या भोवतीच्या विटांच्या सांध्यांवरून. एका चौकटीला तीन तारखा झाल्या!

लेखी पुराव्यालाही हाच नियम. पुरुषोत्तमपुरीला रामचंद्रदेव यादवाचा शके १२३२ चा, म्हणजे इ. स. १३१० चा ताम्रपट मिळाला. वा. वि. मिराशींनी तो प्रसिद्ध केला. ती तारीख दानाची आहे. आज तिथे उभ्या असलेल्या देवळाची प्रत्येक भिंत १३१० ची आहे, असं ताम्रपट म्हणत नाही.

आणि समई, घंटा, नवी फरशी, ऑइल पेंट, पंखा? 'हे आधुनिक' म्हणून सोडून देऊ नका. यादीत घ्या. कारण ही वास्तू टिकली याचं सगळ्यात मोठं कारण बहुधा हेच आहे की तिथे पूजा चालू राहिली. तेरचा स्तूप जमिनीखाली गेला, त्रिविक्रम उभा राहिला. दोन्ही एकाच गावात, त्याच पावसात. फरक एवढाच की एकाला कुणीतरी दरवर्षी चुना लावत होतं. आता पाहा, त्याच चुन्याने जुन्या विटांचे सांधे झाकून टाकले, जे आपल्याला पाहायचे असतात. भक्ताने वास्तू वाचवली आणि पुरावा झाकला, दोन्ही एकाच हाताने. त्यामुळे गावकऱ्यांना 'तुम्ही देऊळ बिघडवलं' असं सांगायला जाऊ नका. ते नसते तर आपल्याला विषयच नसता.

तुमच्या गावच्या देवळासाठी

सिनॉप्सिस लिहायच्या आधी वहीत चार रकाने आखा: आराखडा, साहित्य, जोडभाग, सामान. प्रत्येक ओळीला तीन गोष्टी लिहा:

१. मला काय दिसलं? (मापासकट. 'भव्य', 'सुंदर' असे शब्द नकोत.)

२. याचा काळ कशावरून सांगतोय? (लेख, शैली, साहित्य, की ऐकीव?)

३. माझं म्हणणं चुकीचं असेल तर ते कशाने सिद्ध होईल?

तिसरा रकाना रिकामा राहिला तर ते विधान अजून संशोधनाचं झालेलं नाही, मत आहे. मत असायला हरकत नाही, फक्त ते मत आहे हे लिहा.

व्हायव्हात 'मंदिराचा काळ?' असं विचारलं तर एक शतक सांगून मोकळे होऊ नका. 'कोणत्या भागाचा, सर?' एवढं विचारा. पुढची चर्चा तिथूनच सुरू होईल.

कुणी आपल्या गावच्या देवळाचा असा तक्ता केला तर जरूर पाठवा. पुढच्या लेखात विटेची तीन वजनं घ्यायची पद्धत पायरीपायरीने सांगेन. वीट मात्र पडक्या वाड्याची आणा, देवळाची नको.